हौसानं गिळलेला खिळा

माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंत. चौथीत नाव घातलं होतं, पण थोरल्या वहिनीला जुळी झाली आणि त्यांतलं एक सांभाळायला म्हणून मी घरी राहिले, ती राहिलेच. तेव्हा लिहिण्यातल्या चुका वाचणाऱ्यांनी पोटात घालाव्यात. लिहायचं कारण एवढंच, की आमच्या बदकाचं दुखणं चालू होतं तेव्हा मला सांगणारं कुणी भेटलं नाही. माणसाला ताप आला तर आळीतली दहा माणसं दहा काढे सांगतात. बदकाची मान पडली तर काय करावं, हे कुणाला ठाऊक नसतं, आणि विचारलं तर लोक आधी हसतात. ज्यांच्या घरी मुकं पाखरू दुखणाईत पडलंय आणि ज्यांना त्या हसण्याची भीती वाटते, त्यांच्यासाठी हे आहे.

हौसा कोण

माझं माहेर मालवणाकडचं. मामा नाशिक रोडला रेल्वेत होते, त्यांनी स्थळ आणलं आणि मी समुद्र सोडून इकडं आले. आमचे हे छापखान्यात जुळारी आहेत. म्हणजे मजकुराचं एकेक अक्षर पेटीतून उचलून ओळीत लावायचं, ते काम. छापखान्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आहेत, तिथं आमचं बिऱ्हाड. हे, मी आणि ह्यांच्या थोरल्या विधवा बहीण, माझ्या वन्सं.

शेजारी रहिमतबी राहतात. त्यांनी एकदा कोंबडीखाली बदकाची अंडी बसवली. एकच पिल्लू निघालं. ते पाण्यात शिरलं की कोंबडी काठावर नुसती थयथयाट करायची. शेवटी रहिमतबी ते पिल्लू पदरात घालून आल्या. "ले जा बेटी, नाहीतर माझी मुर्गी पागल होईल."

माझ्या माहेरी मागीलदारी बदकं असायची. मी ते पिल्लू हातात घेतलं आणि तोंडातून आपोआप निघालं, "ये गो बाय, ये." नाशकात आल्यापासून मी असं बोलले नव्हते. माझं मालवणी ऐकून लोक तोंडाला पदर लावायचे, म्हणून मी ओठावरचं नाशिक बोलायला शिकले होते. पिल्लाचं नाव मी हौसा ठेवलं, तिच्याशी मात्र मी माझ्यासारखं बोलायचे. ती मान तिरपी करून ऐकायची. वन्सं म्हणायच्या, "नाशकात जन्मलेलं बदक, पण मेलं त्याला एक शब्द आपला कळत नाही!"

पुढच्या दुखण्यात ती गेली असती तर काय गेलं असतं, हे मी सांगत बसत नाही. त्या अख्ख्या गावात माझी भाषा ऐकून घेणारं तेवढं एकच होतं.

खिळा

छपाई उरकली की खिळे मागच्या मोरीवर सोड्याच्या पाण्यात घालून ब्रशानं घासतात. ते पाणी अंगणातल्या खड्ड्यात साचायचं. तेच हौसाचं तळं. एकदा माझ्या डोळ्यांदेखत तिनं मोरीच्या फटीतून काहीतरी चोचीत धरलं, मान झटकली आणि गट्ट.

मी ओरडले, "अहो, खिळा गिळला हिनं!"

आतून हे म्हणाले, "कुठला? काना असेल तर असू दे. काने पुष्कळ आहेत आमच्याकडे."

आम्ही हसलो. वन्संसुद्धा हसल्या.

पुढं काही दिवस ती चांगली होती. मग खायची कमी झाली. शी हिरवीगार पातळ. मग पंख शाकारणी सुटलेल्या छपरासारखे दोन्ही बाजूंनी लोंबायला लागले. चालताना पावलं दुमडायची आणि ती तोंडावर पडायची. सगळ्यांत वाईट म्हणजे तिचा आवाज बदलला. भरड्या गळ्यानं ओरडणारी हौसा, ती एखाद्या पिल्लासारखी बारीक चिरकायला लागली. "काय जाला गो तुका?" म्हणून मी विचारलं तर तिनं डोळा उघडला आणि मिटला.

मला तो खिळा आठवला.

ढोरडॉक्टर

ह्यांना कामातून सवड नव्हती. एकटीनं जायला मला धीर होईना. वन्सं म्हणाल्या, "बदकाला घेऊन दवाखान्यात! आता एवढंच पाहायचं राहिलं होतं." आणि असं म्हणतच त्यांनी पायांत वहाणा घातल्या.

जनावरांच्या दवाखान्यासमोर टांग्याचे घोडे, लंगडे बैल, एक म्हैस. त्यांच्यामध्ये आम्ही दोघी, दुरडीवर जुना खण टाकलेला. एका टांगेवाल्यानं खण उचलून आत पाहिलं.

"काय बाई, नाल मारायचेत का हिला?"

सगळे हसले. वन्संनी त्याच्या घोड्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुझ्या घोड्याची हाडं मोजून झाली की मग हिचे नाल बघू." पुढं कुणी हसलं नाही. वन्संचे मी त्या दिवशी मनातल्या मनात पाय धरले.

डॉक्टर माणूस चांगला होता. घाईत होता, पण चांगला. त्यांनी हौसाला टेबलावर ठेवलं, पंख उचलून पाहिले, पोट चाचपलं.

"बदक मी पहिल्यांदाच बघतोय. काय झालं?"

"खिळा गिळलाय हिनं."

"केवढा?"

मी बोटाचं पेर दाखवलं.

"टोकदार?"

"नाही. तोंड झिजलेला, जुना."

"गंजका होता?"

"नाही हो, सोड्यात धुतलेला."

डॉक्टरांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. खिळे सोड्यात धुवून ठेवणारी बाई त्यांनी तोवर पाहिली नसावी. पण बाहेर बैल हंबरत होता, त्याच्या मालकानं दोनदा आत डोकावून झालं होतं. डॉक्टर म्हणाले, "पाखराच्या पोटात जात्यासारखी पिशवी असते. खाल्लेले खडे वापरून ती अन्न दळते. बारीक वाळू द्या. जात्याला वाळू मिळाली की खिळा घासून घासून बारीक होईल आणि पडून जाईल. आत कुठं टोचला असेल तर मात्र माझ्या हातात काही नाही."

मी हात जोडले. परत येताना मला इतकं हलकं वाटलं, की मी वन्संना वाटेत तोच तोच निरोप सांगत राहिले. वाळू द्यायची. वाळू द्यायची.

वाळू

वन्संनी स्वतः गंगेवरून, इकडं गोदावरीला गंगाच म्हणतात, वाळू आणली, चाळून, धुवून. बाजरीच्या भाकरीच्या कुस्कऱ्यात कालवून मी तिच्या गोळ्या करायचे आणि एकेक चोचीत सारायचे. "खा गो बाय, खा. माज्यासाठी खा." ती गिळायची. गिळायची म्हणून मला केवढा आनंद व्हायचा, आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

कारण ती सुधारण्याऐवजी झपाट्यानं ढासळली. एका सकाळी पाहते तर मान जमिनीवर. उचलली तर ओल्या वातीसारखी लोंबते. चोच जमिनीला टेकलेली, त्यात माती जाऊन श्वास घरघरतोय. मी पाण्याच्या घागरीखालची चुंबळ काढली आणि तिची मान त्यात बसवली. चोच वर राहिली, श्वास मोकळा झाला. कुणाच्या पाखराची मान पडली तर ही चुंबळ लक्षात ठेवा. दुसरं काही नसलं तरी जीव घुसमटून जात नाही.

वाळू मी तरीही देतच होते. वाटायचं, दळायला अजून कमी पडत असेल.

रहिमतबींचं म्हणणं

दुपारी रहिमतबी आल्या. दारातच उकिडव्या बसल्या, खूप वेळ हौसाकडे पाहत.

"बुरा मानू नकोस बेटी. जीव लई हाल काढतोय. आमचे मियां असरची नमाज पढून येतील. जान आहे तोवरच हलाल होतं, नंतर मिट्टी. तू हो म्हण. नको म्हटलंस तरी चालेल."

त्यांच्याच कोंबडीनं उबवलेलं अंडं ते. त्यांना काय सोपं होतं का बोलणं? मी वन्संकडे पाहिलं. त्या परातीतलं पीठ मळत होत्या, मळून झालं होतं तरी मळत होत्या.

"बरोबर बोलतात त्या," वन्सं म्हणाल्या. "आपल्या मायेपायी तिला किती छळायचं?"

मी हो म्हटलं. हो म्हणताना मला लाज वाटली ती अशी, की मी ते नाशिकच्या बोलीत म्हटलं, हौसाला कळू नये म्हणून.

हे जेवायला आले तेव्हा मी सगळं सांगितलं. हे फार बोलणारे नाहीत. हात धुवून चुंबळीपाशी बसले. एका बोटानं तिची मान वर केली, सोडली, ती पडली. पुन्हा केली, पुन्हा पडली.

"मियां कधी येणार?"

"असरनंतर. उन्हं उतरल्यावर."

"मग वेळ आहे. एकदा पुन्हा दाखवू. मालकांना सांगून आलोच." ताटावर तसंच झाकण टाकून हे गेले, आणि सदऱ्यावर कोट चढवून परत आले.

'तुमची दुनिया'

डॉक्टरांनी हौसाला पाहिलं आणि मान हलवली. "वाळू दिलीत?"

"दिली ना. रोज. पोटभर."

"मग खिळ्यानं असं व्हायला नको. लोखंडानं मान पडत नाही. खिळा होता कसला? दाराचा, की खोक्याचा?"

हे म्हणाले, "पायकाचा असावा. निदान ही केवढा दाखवते त्यावरून तरी."

"पायका म्हणजे?"

ह्यांनी कोटाच्या खिशात हात घातला. ह्यांच्या खिशात कधी चार-दोन खिळे नाहीत असं होत नाही, धुण्याच्या वेळी माझी रोजची कटकट असते. एक काढून टेबलावर ठेवला. "असा."

डॉक्टरांनी तो उचलला. उजेडाकडे धरला. नखानं ओरखडा काढला. मग ओरखड्याकडे बघतच राहिले.

"हे शिसं आहे."

"हो. शिसं, थोडं बाकीचं. खिळा."

"अहो, याला तुम्ही खिळा म्हणता?"

"सगळी दुनिया म्हणते."

"तुमची दुनिया!" डॉक्टर एवढ्या जोरात म्हणाले, की बाहेरचा घोडा बिथरला. "माझ्या दुनियेत खिळा भिंतीत ठोकतात! लोखंडाचा असतो! मी वाळू द्यायला सांगितली. शिसं आणि वर वाळू! म्हणजे जात्यात विष घालून दळायला बसलो आपण. जेवढं दळलं तेवढं रक्तात गेलं."

मी टेबलाचा कोपरा धरला. माझ्या घरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत खिळे, खिळे हाच शब्द. खिळे धुतले, खिळे सांडले, खिळे कमी पडले. भिंतीतला तो खिळा वेगळा आणि आमचा छपाईच्या अक्षराचा वेगळा, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. डॉक्टरांच्याही नाही. कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणी निष्काळजी नव्हतं. तरी शब्द एकच होता आणि त्यानं तिला मारत आणलं होतं.

म्हणून हे मी ठसठशीत लिहिते. डॉक्टरकडे गेलात तर शब्द सांगू नका, वस्तू दाखवा. जे गिळलं, जे खाल्लं, जे डसलं, तसलंच दुसरं हातात घेऊन जा.

डॉक्टर लगेच शांत झाले. वाळू बंद. जुलाबाचं विलायती मीठ पाण्यात विरघळवून थोडं थोडं, त्यानं शिसं बांधलं जातं आणि बाहेर पडतं. दूध. अंड्याचा पांढरा बलक. ऊब. "वाचेल असं म्हणत नाही," ते म्हणाले. "आता निदान बरोबर शत्रूशी लढतोय, एवढंच म्हणतो."

आम्ही निघालो तशी त्यांनी ह्यांना थांबवलं. "काम करताना खिळा तोंडात धरता का?"

"क्वचित."

मला राहवेना. "क्वचित कसला! जेवायला येतात तेव्हाही ओठांत असतो."

डॉक्टर हसले, त्या दिवसातलं पहिलं हसू. "मी जनावरांचा डॉक्टर. माणसाला औषध देणं माझं काम नाही. पण बदकासाठी दूध तापवाल तेव्हा पेलाभर जास्त तापवा."

बोंडलं

घरी आल्या आल्या मी रहिमतबींच्या दारात गेले. मियां हातपाय धुवून तयार होते. म्हटलं, आता कापायचं नाही, तिच्या अंगात शिशाचं विष भिनलंय.

रहिमतबी मटकन खाली बसल्या. "या अल्ला! माझी पोरं खाणार होती आज."

दुसऱ्या सकाळपासून त्यांच्या बकरीचं दूध दारात हजर. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "चूप. तू वाचवलंस आम्हाला." मी काही वाचवलं नव्हतं. पण दूध घेतलं आणि अजूनही त्यांच्या दारावरून जाताना मनात नमस्कार करते.

औषध पाजायचं कसं, हा मोठा प्रश्न. चमच्यानं पाजलं तर श्वासनळीत जाई. एकदा गेलंच. तिची चोच निळी पडली, मी तिला उलटी धरून पाठीवर चापट्या मारल्या, वन्सं देवाचं नाव घेत होत्या, आणि शेवटी एक खोकल्यासारखा आवाज येऊन श्वास परत आला. मी खाली बसून रडले. वन्सं उठल्या, आतल्या खोलीत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आल्या त्या हातात चांदीचं बोंडलं घेऊन. तान्ह्या मुलाला दूध पाजायचं, चोच असलेलं भांडं. कुणाचं, हे मी विचारलं नाही. घरात मूल नव्हतं आणि वन्संच्या मागच्या दिवसांबद्दल आमच्याकडे कुणी बोलत नसे.

"ह्यानं पाज. कडेनं, थेंब थेंब. घाई करायची नाही," त्या म्हणाल्या. "मान अशी धर."

मग तोच दिनक्रम. पहाटे मिठाचं पाणी, मग दूध, मग बलक. जमीन सारवायची, शी पाहायची. अंगावरचं फडकं बदलायचं, ऊन केलेली वीट गुंडाळून जवळ ठेवायची. पाण्यात सोडायची मनाई होती, पण बदकाच्या नाकपुड्या आणि डोळे सुकले तर त्यांना त्रास होतो, हे मला माहेरचं ठाऊक. म्हणून वाटीत पाणी घेऊन तिची चोच बुडवायचे. पाणी चोचीला लागलं की तिचा डोळा उघडायचा. बाकी कशालाही नाही.

ह्यांचंही मी पेलाभर दूध ठेवायचे. हे म्हणायचे, "आम्ही दोघं एकाच दवाखान्यातले." पण प्यायचे. ओठांत खिळा धरायची सवय मोडता मोडेना, तेव्हा ह्यांनी लवंग धरायला सुरुवात केली.

एका सकाळी तिला झटका आला. पाय ताठ, मान पाठीवर मागं वळलेली, अंग थडथड उडतंय. मला वाटलं, झालं. वन्संनी दोन्ही हातांनी तिला धरून ठेवलं, ती आपटू नये म्हणून, आणि माझ्याकडे बघून खेकसल्या, "उभी काय राहिलीस? बोल की तिच्याशी. तुझ्या त्या बोलीत बोल!"

मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही. माझ्या गावच्या व्हाळाबद्दल, ओढ्याबद्दल, काहीतरी असावं. झटका ओसरला. वन्संच्या हातांवर तिच्या नखांचे ओरखडे होते. त्यांनी ते पदरानं पुसले आणि चुलीकडे गेल्या.

चिंचोक्यासारखा

खिळा वन्संनाच सापडला. शी पाहायची माझी पाळी असायची, पण त्या दिवशी मी धुणं घेऊन गंगेवर गेले होते. परत आले तर त्या मोरीवर राखेनं काहीतरी घासत बसलेल्या.

"घे तुमचा खिळा," म्हणून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला.

पेराएवढा आत गेलेला, तो निम्मा झाला होता. कडा गोल, चिंचोक्यासारखा गुळगुळीत. ह्यांनी तो बोटांत फिरवला, उजेडात धरला, पुन्हा फिरवला. हे डोळे मिटून बोटांनी अक्षर ओळखतात. पण तोंडावर अक्षर राहिलंच नव्हतं.

"उरलेला अर्धा कुठं?" मी विचारलं.

उरलेला अर्धा हौसात होता.

डॉक्टरांना दाखवला, वस्तू दाखवायचं आता शिकले होते. ते खूश झाले, आणि लगेच म्हणाले, "एकच गिळला, हे कशावरून?"

एक मी पाहिला होता. न पाहिलेले किती, हे कोण सांगणार? त्या एका वाक्यानं माझं सगळं समाधान पळालं. ह्यांनी मात्र रविवारी पिठाची चाळण घेतली आणि अंगणातल्या खड्ड्याची माती चाळायला बसले. काने निघाले, मात्रा निघाल्या, अर्धी तुटलेली अक्षरं निघाली, कितीतरी वर्षांची. ओंजळ भरली तरी निघतच होते.

वन्सं दारातून बघत होत्या. "हे अंगण आहे की तुमची अक्षरांची पेटी?"

ह्यांनी चाळण खाली ठेवली. "अख्खी माती उपसली तरी हे संपायचं नाही," म्हणाले.

मान

आधी आवाज परत आला. मी पालक चिरत होते आणि मागून भरडा, भांडखोर 'क्वाक' ऐकू आला. विळी सोडून धावले. ती बसलेलीच होती, पण मान चुंबळीतून वर उचलली होती. थरथरत, म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखी. क्षणभर. मग खाली. दुपारी पुन्हा. मी आणि वन्सं दोघी कामं टाकून तिच्यासमोर बसलो होतो, आणि मान वर गेली की दोघींचाही श्वास थांबायचा.

पालक खाल्ला. दुसऱ्या दिवशी उभी राहिली. मग चालायला लागली, एक पाय थोडा वाकडा टाकत, तो तसाच राहील असं डॉक्टर म्हणाले. आणि चालायला लागली ती थेट मागच्या दाराकडे. अंगणाकडे. खड्ड्याकडे.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, "त्या अंगणात परत सोडलंत तर माझ्याकडे आणू नका." मी जुन्या लुगड्याच्या पट्टीनं तिला खाटेच्या पायाला बांधलं. ती पट्टी ताणून दाराकडे तोंड करून उभी राहायची. खायची, पण उभी राहूनच, दाराकडे बघत. मी तिची समजूत घालायचे. तिनं कधी ऐकलं नाही.

आमच्याकडे फुलं आणि भाजी घेऊन गिरजाबाई माळीण येते. मखमलाबादच्या रस्त्याला त्यांचा मळा आहे. तिनं हौसाला बांधलेलं पाहिलं.

"असं बांधून ठेवलंय व्हय? द्या मला. आमच्या इहिरीवर मोट चालती, पानी पडायचं थारोळं लय मोठं हाय, पाटाला बारा महिने पानी. कापायची भीती नाय, तुळशीची माळ घातलीया मी."

मी नाही म्हटलं. एकदम, विचार न करता. गिरजाबाई गेल्यावर वन्सं म्हणाल्या, "तुला इकडं धाडताना तुझी आई रडली असेल."

"हो."

"तरी धाडलंच ना? आणि तू मेलीस का इथं?"

मग मीच म्हटलं, "पुढच्या खेपेला तिला सांगा, हौसाला मळ्यात मीच नेऊन सोडीन."

एवढं सगळं झाल्यावर माझ्यासारख्या घाबरट बाईनं दुसऱ्यांना काय सांगावं? पण थोडं सांगते. जिथं दुखणं लागलं ती जागा आधी बदला, औषध त्यानंतर. आपल्याला आवडतं म्हणून जवळ ठेवू नका. घरातलं जे माणूस सगळ्यांत जास्त कुरकुर करतं, त्याला कामाला लावा, बहुधा तेच तुमच्यासाठी ट्रंक उघडतं. आणि शेजाऱ्यांनी दूध दिलं तर घ्या.

मळ्यात मी आणि वन्सं गेलो, दुरडी मी डोक्यावर घेतली होती. मोट चालू होती, थारोळ्यात पाणी धबाधबा पडत होतं. मी गिरजाबाईला सांगितलं की हिला 'ये गो बाय' म्हणूनच बोलवावं लागतं.

"ये गं बाई म्हनलं तर नाय चालनार?"

"नाही."

"बरं बाई, शिकते. आमच्या सुनेला बी शिकवते."

मी हौसाला काठावर ठेवलं. ती उभी राहिली, वाकडा पाय सावरत. चोच बुडवून पाहिली. मग पाण्यात शिरली, सरळ मधोमध गेली आणि मागं न बघता तिनं बुडी मारली.

पाणी मिटलं. मी बघतच राहिले. त्या मानेत तेवढं बळ आहे का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. वन्संनी माझा दंड धरला, जरा जास्तच घट्ट. मोटेचं पाणी पडतच होतं.

ती पलीकडच्या काठाला वर आली. मान ताठ, चोचीत हिरवं शेवाळ.

"चल," वन्संनी दंड सोडला. "दिवस कलला, स्वयंपाक पडलाय घरी."

"चला," मी म्हटलं.

पण हौसानं पुन्हा बुडी मारली होती, तेव्हा आम्ही दोघी तिथंच उभ्या राहिलो.